सतरा नंबरचा शिक्का

तळ्यावर दोन दिवस तंबूत राहायचं आणि मासे पकडायचे, एवढाच बेत होता. पण आमच्या घरात साधेपणाने काही होत नाही. नवऱ्याने फ्रिजवर चार पानी यादी चिकटवली होती. सासूबाईंनी बजावलं होतं, तंबू राहिला तरी चालेल, गळ राहता कामा नये. गांडुळांचा डबा त्यांना फ्रिजमध्येच ठेवायचा होता, त्यावरून आमचं वाजलंही.

बुधवारी संध्याकाळी नवरा चार लाइफ जॅकेटं घेऊन आला. नारिंगी, नवीकोरी.

"तुमच्याच कारखान्याची," तो म्हणाला. "शिक्काही तुझाच आहे, सतरा नंबर."

सात वर्षांच्या आमच्या लेकीला सगळे चिमणी म्हणतात. तिने एक जॅकेट चढवलं आणि आजीसमोर मिरवलं. "आईने तपासलंय. आता मी बुडूच शकत नाही."

मी आतली पट्टी उलटून लॉट नंबर पाहिला. २१४.

कारखान्यात तपासणीचं काम माझ्याकडे आहे. प्रत्येक लॉटमधली दोन जॅकेटं वजन बांधून टाकीत सोडायची. चोवीस तास तरंगली तरच लॉटवर शिक्के मारायचे. २१४च्या दिवशी चिमणीला ताप भरला होता, शाळेतून फोनवर फोन येत होते आणि दारात ट्रक उभा होता. "मार शिक्के आणि जा," सुपरवायझर म्हणाले. मी चाळीस शिक्के मारले. टाकीत एकही जॅकेट सोडलं नाही. आठ वर्षांत असं एकदाच केलं, आणि नंतर दोन महिने स्वतःची समजूत घालत राहिले की एवढ्याने काय होतंय.

गुरुवारी सकाळी मी बाथरूममधलं पिंप काठोकाठ भरलं. जॅकेटला नवऱ्याचं डंबेल बांधलं. घेतल्यापासून त्या डंबेलचा हा पहिलाच उपयोग. जॅकेट झकास तरंगलं. वास जायला भिजत घातलंय, असं सासूबाईंना सांगून मी कामावर गेले. संध्याकाळी पाहिलं तर ते थोडं खाली गेलं होतं. मला नुसता भास होतोय, असं मीच ठरवलं. शुक्रवारी सकाळी ते पिंपाच्या तळाशी होतं.

बाहेर ओढलं तेव्हा भिजलेल्या गादीसारखं जड लागलं. आतला फोम पाणी पीत होता. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले.

आधी सुपरवायझरना फोन केला. ते म्हणाले, "हे दुसऱ्या कुणाला बोलली नाहीस ना? शिक्का कुणाचा आहे, एवढं लक्षात ठेव." मग जॅकेटं विकणाऱ्या दुकानदाराला केला. तो खुशीत होता. "चारच उरली होती, ती तुमच्या मिस्टरांनी नेली. बाकीची छत्तीस तळ्यावरच्या बोटवाल्याने उचलली. तुम्ही जाताय ना, त्याच्याकडे."

बोटवाल्याचा फोन वाजत राहिला, उचलला कुणीच नाही. सुट्ट्या लागल्या होत्या. त्याची जॅकेटं रोज भिजत असणार, रोज थोडं थोडं पाणी पीत असणार. एवढी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

"उद्या नाही, आत्ता निघायचं," मी घरात येऊन म्हटलं. "जॅकेटांचा माल खराब निघालाय. बोटवाल्याला गाठायला हवं." तेवढंच सांगितलं. पुढचं तोंडातून निघेना.

"बिचारी," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्यांच्या चुका निस्तरायला हिनेच धावायचं."

नवऱ्याने यादीकडे पाहिलंसुद्धा नाही. अडीच तासांचा रस्ता त्याने दोन तासांत काढला. मी सारखा फोन लावत होते.

धक्क्यावर पोचलो तेव्हा बोटवाला लांब पाण्यात होता. काठाशी दुसरी बोट सुटायच्या बेतात होती. तिच्यात नवरा-बायको आणि त्यांची तीन-चार वर्षांची मुलगी. तिघांच्या अंगात नारिंगी जॅकेटं. मी धावत गेले, बोटीचा दोर धरला.

"थांबा. ती जॅकेटं काढा."

"तुम्ही कोण?" बाई घाबरून म्हणाली.

"कारखान्यात ती तपासणारी."

तिच्या नवऱ्याचा चेहरा एकदम सैल झाला. "बघ, तपासणाऱ्या बाईच आल्यात. मी म्हटलं नव्हतं, काळजीचं काही नाही?" त्याने लेकीचा पट्टा आणखी आवळला आणि मला म्हणाला, "सोडा दोर, ताई. ऊन चढायच्या आत फिरून येतो."

मागे चिमणी, नवरा आणि सासूबाई येऊन उभे राहिले होते. सासूबाईंना धाप लागली होती.

माल खराब आहे, एवढं म्हटलं असतं तरी कदाचित चाललं असतं. पण तो माणूस माझ्याकडे इतक्या भरवशाने बघत होता.

"मी तपासली नाहीत," मी म्हटलं. "न तपासता शिक्के मारले. बुडतात ती. माझ्या घरी बुडालंय एक."

चिमणीने माझा हात धरला होता. तो तिने सोडला. मी बोटीत उतरले आणि त्या मुलीचा पट्टा सोडवायला लागले.