सोमवारची गोळी

वर्षभर औषध घेऊनही गुरम्माच्या हाडांचा रिपोर्ट सुधारला नव्हता. उलट पाठीच्या कण्यातला एक मणका दबला होता. नांदेडच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला, बराच वेळ पाहिला आणि मग विचारलं, "आजी, गोळी घेता ना?"

"घेते की. दर सोमवारी."

"एखादा सोमवार चुकला?"

"सोमवार कसा चुकल?"

डॉक्टरांनी तिच्या मुलाकडे, रामलिंगकडे पाहिलं. ते पाहणं गुरम्माला दिसलं. आपल्यावर लबाडीचा आळ आला आहे, हे कळायला तिला शब्दांची गरज नव्हती.

"गोळी लागू पडत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन असतं. ते सुरू करू. विचार करून पुढच्या आठवड्यात या."

गुरम्मा कंधारला एकटी राहते. गेल्या वर्षी धुण्याच्या दगडापाशी पाय घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हा तपासणीत हाडं ठिसूळ झाल्याचं कळलं. प्लास्टर निघेपर्यंत ती नांदेडला रामलिंगच्या घरी होती. घर तिसऱ्या मजल्यावर. रामलिंग मोबाईलच्या दुकानात, सून दीपमाला नोकरीवर, पोरं शाळेत. दिवसभर बोलायला कोणी नाही. प्लास्टर निघाल्यावर तिनं एक दिवसही जास्त काढला नाही.

गाडीत बसल्या बसल्या रामलिंगनं विषय काढला.

"माय, खरं सांग. गोळ्या मोरीत टाकून राहिलीस का?"

"मायला लबाड म्हनतोस व्हय रे?"

"मग मणका कसा दबला?"

"गोळीला इचार. ती गेली की छातीत आग पडती. पोटात काय करती, तिलाच ठाव."

"आता एक सांगून ठेवतो. अजून एक हाड मोडलं की कंधार बंद. सामान उचलायचं आन नांदेडला यायचं."

कंधारच्या फाट्यापर्यंत गुरम्मा खिडकीबाहेर बघत राहिली.

रामलिंगची बहीण तनुजा लातूरला असते. शिकवणीसाठी आलेल्या पोरांची मेस चालवते. डाळीत खडा आणि दुधात पाणी शोधण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलेलं. भावाचा फोन आला तेव्हा तिनं आधी ऐकून घेतलं, तासाभरानं उलटा फोन केला.

"दादा, मी वाचलं. ह्या औषधानं जबड्याचं हाड सडतं म्हने. मांडीचं हाड आपोआप मोडतं. हाडाच्या औषधानं हाड मोडतं, आन तू मायला टोचायला निघालास?"

"मोबाईलवर वाचून डॉक्टर झालीस का?"

"मोबाईल तूच विकतोस न्हवं?"

"तने, तिचा मणका दबलाय. तू एक्स-रे बघितला न्हाईस."

"तू तरी बघितलास का डॉक्टरनं दाखवला तेवढाच? गोळी चालंना म्हनून लगेच इंजेक्शन. उद्या इंजेक्शन चालंना म्हनून अजून काई."

तनुजाचा संशय डॉक्टरांवरच थांबला नव्हता. शाळेतून आलेल्या पोरांना दार उघडायला माणूस हवं, असं दीपमाला मागे दोनदा बोलून गेली होती. माय नांदेडला गेली तर कुणाची सोय होणार, हे तनुजाला बरोबर दिसत होतं. हे ती भावाला बोलली नाही. आईच्या लबाडीबद्दल मात्र तिचीही खात्री नव्हती. लहानपणी ताप आला की गुरम्मा डॉक्टरांची गोळी खिडकीतून टाकायची आणि तुळशीचा काढा पाजायची. त्या बाईनं वर्षभर निमूट गोळ्या गिळल्या असतील?

रविवारी तनुजानं मेस मदतनिसाच्या हवाली केली. लोह्यापर्यंत एसटीनं, तिथून जीपनं कंधार गाठलं.

"आज कशी काय वाट चुकलीस?" गुरम्मानं विचारलं.

"तुला बघायला आले."

"मला का गोळीला?"

तनुजा हसली. रात्री आई झोपल्यावर तपासू, असं तिनं ठरवलं होतं. तशी वेळच आली नाही. गुरम्मानं स्वतःहून डबा आणून तिच्यापुढं आदळला. त्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं होती.

"बघ. तुझ्या भावानं धाडलंय न्हवं तुला?"

"दादानं न्हाई धाडलं. पाकीट रिकामं हाय, पर गोळी कुठं गेली ते पाकीट सांगतं का?"

"मग उद्या डोळ्यानं बघ. सोमवारच हाय."

सोमवारी गुरम्मा पहाटे उठली. अंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केली. मग चहा घेतला. तनुजा चुलीपाशीच बसून होती.

"माय, गोळी?"

"येळ व्हायची हाय."

दुपार झाली. गुरम्मा सोमवारी दिवसभर काही खात नाही, हे तनुजाला लहानपणापासून माहीत. दुपारी पुन्हा चहा झाला. गोळीचं नाव नाही. तनुजाला वाटलं, ही मला झुलवून राहिली. मी जायची वाट बघतीय.

दिवेलागण झाली. गुरम्मानं देवापुढं दिवा लावला, पुन्हा पूजा केली. उपास सोडायला भाकरी झाकून ठेवली होती. तिनं पातेलीतलं दूध पेल्यात ओतलं, गोळी जिभेवर ठेवली आणि दोन घोटांत गिळली. तोंड उघडून तनुजाला दाखवलं. मग चटई अंथरली आणि आडवी झाली.

"हे काय?" तनुजा म्हणाली.

"काय म्हंजे? डॉक्टर म्हनले, रिकाम्या पोटी घ्या. सोमवारपेक्षा रिकामं पोट कवा असतं? अर्धा तास काई खाऊ नका म्हनले. तंवर जरा पाठ टेकते. मग उपास सोडते."

"पर दूध?"

"उपासाला दूध चालतंय. आन हाडाला दूध चांगलं. गोळीबी हाडाची, दूधबी हाडाचं. दोनी मिळून गेले तर बिघडलं कुठं?"

"आन दोनदा चहा घेतलास, तो?"

"चहा काय खानं हाय का?"

तनुजानं गोळीच्या खोक्यातला घडी घातलेला कागद काढला. बारीक अक्षर. दिव्याखाली नेऊन वाचला, मग आईपाशी येऊन बसली.

"ऊठ माय. आधी उठून बस." तिनं हात धरून तिला बसवलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. "हे पी. सकाळी उठल्या उठल्या घ्यायची असती ही. पेलाभर साध्या पाण्यासंगं. चहाच्या आधी. दुधासंगं गेली की अंगाला लागतच न्हाई. आन आडवं व्हायचं न्हाई, न्हाईतर अन्ननळीत आग व्हते."

गुरम्मा पाणी प्याली आणि तांब्या खाली ठेवला.

"वर्षभर?"

"वर्षभर."

"म्हंजे गोळी खाल्ली बी आन न्हाई बी."

"हाव. आग तेवढी मिळाली."

गुरम्मानं पदर सारखा केला. मग हळू आवाजात म्हणाली, "तुळजाबाईलाबी मीच शिकवलं गं. तिचा गुरुवार असतोय."

तुळजाबाई म्हणजे समोरची शेजारीण. तिलाही तीच गोळी होती.

पुढच्या आठवड्यात तिघंही डॉक्टरांपुढं बसले. तनुजानं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"दुधासोबत? मग गोळी चालली नाही असं म्हणताच येणार नाही. ती पोचलीच नाही."

"तुम्ही नीट सांगितलं न्हवतं," तनुजा म्हणाली.

"सांगितलं होतं. त्यांनी काय ऐकलं, ते विचारलं नाही." डॉक्टरांनी वाद घातला नाही.

"आता जबड्याचं सांगा. सडतो का?"

"क्वचित. ह्या आजारासाठी गोळी घेणाऱ्या हजारो लोकांत एखाद्याला. दात काढल्यावर धोका वाढतो. आजींचा एक दात हलतोय, तो आधी दाखवा. काढायचा तर आत्ताच काढा, मग औषध."

"मांडीचं हाड?"

"तेही क्वचित, आणि बहुतेक पुष्कळ वर्षं सलग घेतल्यावर. म्हणून काही वर्षांनी आपण थांबून बघतो. मांडीत, जांघेत दुखलं तर लगेच सांगायचं. पण ताई, ह्यांचा एक मणका दबलाय. औषध नसेल तर दुसरा दबण्याचा धोका ह्या दोन्हींपेक्षा कितीतरी मोठा आहे. खुब्याचं हाड मोडलं तर चालणंच जातं."

"मग इंजेक्शन?"

"माझं मत इंजेक्शनकडे आहे. पण त्याचं एक आहे. सुरू केलं की मनानं बंद करायचं नाही. तारीख चुकली तर हाडांची ताकद झपाट्यानं उतरते, मणके मोडू शकतात. बंद करायचं तर दुसरं औषध जोडूनच."

रामलिंग म्हणाला, "मी आणीन की दर सहा महिन्याला."

गुरम्मा इतका वेळ ऐकत होती. ती मुलाकडे न बघता डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, इंजेक्शनची तारीख ह्याच्या हातात. ह्याला दुकान हाय, हिला मेस हाय. चुकली तर मोडनार मी. गोळी माझ्या हातात हाय. ती अजून नीट खाल्लीच न्हाई, तर बघू तरी खाऊन."

"पुन्हा छातीत आग पडली तर?"

"तर बंद करून तुमच्याकडं येते. तवा टोचा."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "चालेल. सहा महिन्यांनी मी स्वतः विचारणार. घेता का नाही, कशी घेता ते."

"पर मी सोमवारी घेनार न्हाई. सोमवार देवाचा. गोळीला मंगळवार."

रामलिंगचं समाधान झालं नव्हतं. जिन्यात तो तनुजाच्या कानाशी म्हणाला, "ती आडवी पडती का न्हाई, कोन बघनार?"

दात काढला, जखम भरली. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पहिल्या मंगळवारी सकाळी रामलिंगनं व्हिडिओ कॉल लावला. गुरम्मानं मोबाईल दारापुढच्या ओट्यावर टेकवून ठेवला होता. ओट्यावर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. एकीत गुरम्मा, दुसरीत तुळजाबाई. दोघी ताठ. हातात रिकामे पेले.

"तुळजामावशी कशाला?" रामलिंगनं विचारलं.

"तुमचा माझ्यावर भरोसा न्हाई. माझा हिच्यावर न्हाई," गुरम्मा म्हणाली. "ही डुलकी घेती."

"आन माझा हिच्यावर न्हाई," तुळजाबाई म्हणाली. "हिनंच मला वर्षभर दूध पाजलं. आता म्हनती पानी पी. उद्या काय म्हनल, देव जाने."

"गप बस. पाठ सरळ कर."

"तुझी कर आधी."

गल्लीतून दूधवाला आला, थांबला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. भांडं आणायला कोणीच उठलं नाही.

"अर्ध्या तासानं ये रे बाबा," गुरम्मानं त्याला हात केला.

रामलिंगला हसू आलं, ते त्यानं दाबलं. "माय, नांदेडला कवा येतीस?"

"हाड मोडल्यावर," गुरम्मा म्हणाली. "तूच म्हनलास न्हवं?" आणि तुळजाबाईवरची नजर तिनं हलू दिली नाही.