झाकलेली वाटी

बंदच्या दुसऱ्या दिवसापासून हौसाक्का आणि निंगव्वाच्या घरांमधला बोळ रोज हातभर रुंद होऊ लागला. आधी तो एवढा चिंचोळा होता, की या खिडकीतून त्या खिडकीत विरजणाची वाटी देता यायची. हौसाक्काच्या घरातलं विरजण मुळात निंगव्वाचंच. तीस वर्षांपूर्वी हौसाक्का नवी नवरी म्हणून आली, तेव्हा तिनेच दिलेलं.

गाव कुठल्या राज्यात राहावं यावरून मराठी आणि कानडी माणसं एकमेकांच्या पाट्यांना काळं फासत होती. बंदच्या दिवशी हौसाक्काच्या सोप्यात मराठी समितीची माणसं चहा पीत बसलेली, आणि नेमका तेव्हाच निंगव्वाचा हात झाकलेली वाटी घेऊन खिडकीत आला.

"आज विरजण नाही," हौसाक्का सोप्याकडे बघत म्हणाली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. फळीवरचं मडकं काठोकाठ भरलेलं होतं.

आठवड्यात बोळात दोन ट्रॅक्टर मावू लागले. मग त्यात एसटी वळायला लागली. निंगव्वाचं घर काडेपेटीएवढं दिसू लागलं. तरी रोज तिन्हीसांजेला तिचा हात यायचाच, हिरव्या बांगड्यांसकट, रस्ताभर लांबत. सायकलवाले उतरून तो ओलांडायचे.

एका पोलिसाने मध्ये खुर्ची टाकली. "हात कुणाचा?"

"समोरचीचा."

"समोर म्हणजे कुठलं राज्य?"

हौसाक्का खिडकीपासून मागे सरली. तिला स्वतःची लाज वाटत होती. सोपा रिकामा झाला की द्यावं विरजण, असं ती रोज ठरवायची. पण माणसं हलत नव्हती आणि कपातला चहा संपत नव्हता.

शेवटी मनाचा हिय्या करून तिने सगळ्यांदेखत मडकं खाली काढलं.

"काय चाललंय, अक्का?"

"जिचं तिला देते."

मडकं कोरडं होतं, कुंभाराकडून आत्ताच आणल्यासारखं.

तेवढ्यात लांबून निंगव्वाचा आवाज पोचला. बंदच्या दिवशी निघालेला, तो आज.

"हौसा, तुझं दही आंबट झालंय म्हणालीस की काल. गोड विरजण आणलंय बघ, घे."

हौसाक्का खिडकीशी धावली. हात आला होता, पण चौकटीबाहेर हातभर अंतरावरच थांबला होता. वाटीवरची ताटली सरकली. आत पांढरंशुभ्र दही होतं.

तिने खांद्यापर्यंत हात बाहेर काढला. तो लांबेना.