हिरडीच्या रंगाचा कंट्रोलर

कवळ्या बनवणाऱ्या कारागिराने कंट्रोलर कानाशी नेला आणि हलवून पाहिला. आत काही वाजलं नाही.

"काका, खुळखुळा नाहीये तो," काउंटरमागची विक्रेती म्हणाली. "लेकीकडे कन्सोल कुठला आहे?"

"काळा."

"सगळे काळेच असतात."

"मग तोच."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून विक्रेती चिकाटीने विचारत राहिली. "बरं, खेळते काय? मारामारी, शर्यती, की शेतीचे गेम?"

"शेतीचे?"

"हो. नांगरायचं, पेरायचं, कोंबड्यांना दाणे टाकायचे."

कारागिराने आठवून पाहिलं. "लहानपणी तिने निवडुंग वाळवून दाखवला होता."

"म्हणजे मारामारी," विक्रेतीने निदान केलं. "त्यापेक्षा सरळ फोन करून विचारा ना."

त्याने फोन काढला, पडद्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवला. "रेंज नाही."

पडद्यावर पाचही दांड्या उभ्या होत्या. विक्रेतीला त्या दिसल्या. तिने काउंटर पुसायला घेतला.

लेक दहा वर्षांची असताना आईबरोबर दुसऱ्या शहरात गेली. त्यानंतर दर वाढदिवसाला तो फोन करायचा, ती "थँक्यू बाबा" म्हणायची, आणि मग दुसऱ्याने फोन ठेवावा म्हणून दोघंही वाट पाहत बसायचे. सोळा वर्षांनी ती नोकरीसाठी याच शहरात परत आली होती आणि या खेपेला फोन तिनेच केला होता. शनिवारी घरी ये, चार मित्रमैत्रिणी असतील, केक असेल. असं बोलावणं पहिलंच. भेटवस्तू चुकली तर दुसरं येणार नाही, हे त्याने कोणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं. लेकीबद्दल त्याला खात्रीने एकच गोष्ट माहीत होती, ती म्हणजे तिला व्हिडिओ गेम आवडतात. तेवढ्या भांडवलावर तो इथवर आला होता.

"हा घ्या," विक्रेती म्हणाली. "जवळजवळ सगळ्या कन्सोलना चालतो."

"आणि हाताला?"

"हाताला काय? सगळ्यांच्या हाताला बसतो."

"सगळ्यांना बसणारी कवळी," कारागीर गंभीरपणे म्हणाला, "शेवटी ग्लासातच बसते."

विक्रेतीने कंट्रोलर खोक्यात भरला.

त्याचा कारखाना म्हणजे एक खोली, एक टेबल आणि एक स्टूल. भिंतीवरच्या फळ्यांवर गिऱ्हाइकांचे प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. त्यांतले निम्मे लोक आता हयात नव्हते, पण जागा कोणी सोडली नव्हती. दुपारी जेवताना तो त्यांच्याकडे तोंड करून बसे. निदान चावण्याच्या बाबतीत ती मंडळी जाणकार होती.

सगळ्यात वरच्या फळीवर लेकीचे हात होते. दहाव्या वर्षी ती याच स्टुलावर बसून एक छोटा गेम खेळत होती. त्याने तो तिच्या बोटांतून अलगद काढून घेतला, "हात तसेच ठेव" म्हणाला आणि माप घेतलं. काहीच न धरलेल्या दोन मुठी. त्याने त्या खाली उतरवल्या, फुंकर मारली आणि कामाला लागला.

एकेका बोटाची खाच, अंगठ्याखालचा उंचवटा, सगळं त्याने त्या हातांवरून उतरवलं आणि कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंना बसवलं. साहित्य कवळीचंच, रंग हिरडीचा. दुसरा रंग त्याच्याकडे कधी कोणी मागितलाच नव्हता. मध्ये एकदा तो थांबला. सोळा वर्षं झाली, याचा विचार करायला हवा होता. त्याच्या गिऱ्हाइकांत सत्तरीच्या आतलं कोणी नव्हतं. वय वाढतं तसं हाड झिजतं, जबडा आकसतो. मोठा झालेला जबडा त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. तेव्हा अनुभवाला धरून त्याने माप कणभर आवळलं.

शनिवारी लेकीने दार उघडलं आणि त्याला आत घेतलं. केक कापून झाला. मग तिने खोकं उघडलं आणि सगळे पुढे वाकले.

"हिरडी आहे का ही?" चष्मेवाल्या मित्राने विचारलं.

"हिरडीचं साहित्य," कारागीर म्हणाला.

"मग झोपताना पाण्यात ठेवायचा?" एका मैत्रिणीने विचारलं.

"नाही. विजेची वस्तू आहे. नुसता ब्रशने घासायचा."

सगळे हसले. त्यानेही हसून पाहिलं, पण तोवर बाकीच्यांचं संपलं होतं.

लेक हसली नव्हती. तिने कंट्रोलर दोन्ही हातांत धरला. बोटं खाचांत गेली नाहीत. खाचांमधल्या कडांवर ती अवघडून बसली, मोठ्या माणसाने लहान मुलाच्या खुर्चीत बसावं तशी. तिच्या मनगटाजवळ भाजल्याची जुनी खूण होती. ती कधीची, हे त्याला माहीत नव्हतं.

"बाबा, हे माप कुठून घेतलंस?"

"फळीवर होतं."

"ते हात? अजून आहेत?"

"आहेत ना. जातात कुठे."

ती कितीतरी वेळ त्या गुलाबी खाचांवरून अंगठा फिरवत राहिली. मित्रमैत्रिणी एकेक करून स्वयंपाकघराकडे सरकले. तिकडे कोणाला काही काम नव्हतं.

"मी दहा वर्षांची नाहीये रे, बाबा."

"हो," तो म्हणाला. "आत्ता बघितलं." त्याने हात पुढे केला. "दे, दुरुस्त करून आणतो."

तिने दिला नाही. "माप पुन्हा द्यावं लागेल?"

"लागेल."

"किती वेळा यायचं?"

हाताचं माप एकदाच घेतात आणि ते चार मिनिटांत होतं. कारागिराने समोरच्या टीव्हीच्या पडद्याकडे पाहिलं. पडदा निळा होता, त्यावर काही चाललेलं नव्हतं.

"चार वेळा," तो म्हणाला. "कदाचित पाच. हाताचं काम नाजूक असतं."

लेक त्याच्याकडे बघत राहिली. तिने एकदा माप दिलेलं होतं. किती वेळ लागतो, ते तिला ठाऊक होतं.

"मंगळवारी मला उशीर होतो," ती म्हणाली. "बुधवारी चालेल?"

त्याने खिशातून डायरी काढली, बुधवारचं कोरं पान शोधलं आणि ते वरपासून खालपर्यंत नीट तपासलं.

"जरा गर्दी आहे," तो म्हणाला. "पण बघतो."