लाल फडकं, पांढरं फडकं

सुलक्षणानं ती पत्र्याची पेटी भंगारवाल्याला दिली, ती अगदी चांगल्या मनानं. बाळाचं जावळ तोंडावर आलं होतं, जळगावहून माहेरची माणसं येणार होती, आणि ओसरीच्या कोपऱ्यातली ती गंजकी पेटी लग्न होऊन आल्यापासून तिच्या डोळ्यांत सलत होती. झाकण गंजून घट्ट बसलेलं. उघडून बघायच्या भानगडीतही ती पडली नाही. पेटी गेली, कोपरा सारवून झाला, आणि बाई खुशीत आली.

ही खुशी शेजारच्या वच्छलाबाईंनी उतरवली. रिकामा कोपरा दिसताच म्हातारी ओसरीवर मटकन बसली आणि म्हणाली की पेटीत तोतारामनानांचे वस्तरे होते.

नाना म्हणजे सुलक्षणाचे सासरे. तापीकाठच्या त्या गावात त्यांच्या हाताखालून न गेलेलं डोकं सापडायचं नाही. मुलगा हितेंद्र शिंदखेड्याला स्टँडजवळ दुकान चालवायचा, बदलत्या ब्लेडच्या वस्तऱ्यावर. पण जावळ आणि दहावा ह्या दोन कामांना गाव नानांनाच बोलवायचं, सुलक्षणा लग्न होऊन यायच्या सुमारास मोतीबिंदूनं त्यांचा हात थांबवला तोवर. ह्या दोन कामांचे वस्तरे वेगळे, असं वच्छलाबाईंनी सांगितलं. लाल फडक्यातला जावळाचा, पांढऱ्या फडक्यातला दहाव्याचा. दहाव्याचा वस्तरा लेकराच्या डोक्याला चुकूनही लावायचा नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. वच्छलाबाईंचे यजमान गेले तेव्हा नानांनी त्यांच्या मुलांना तापीच्या वाळूत बसवून त्या पांढऱ्या फडक्यातल्या वस्तऱ्यानंच डोकी उतरवली होती. ते ऐकून सुलक्षणाला भंगारवाल्याला हाक मारलेली आपली जीभ छाटून टाकावीशी वाटली.

नाना तेव्हा चोपड्याला लेकीकडे होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन तिकडेच झालं होतं. दर फोनला त्यांचं एकच पालुपद असायचं. डोळे लख्ख झालेत, आता पहिलं काम नातवाचं.

सुलक्षणानं नवऱ्याला सगळं सांगितलं. हितेंद्र शांत माणूस. तो म्हणाला, नानांचा वस्तरा नाही मिळाला तर माझा आहे, त्यात काय एवढं. पण तिला ते पटेना. तिचं पहिलं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तेव्हापासून ह्या बाळाच्या बाबतीत रीतीभातीत एवढीशीही कसर तिला चालायची नाही. जळगावात वडिलांचं फिरत्या खुर्च्यांचं सलून असताना असल्या गोष्टींना हसणारी हीच पोरगी होती. आता हसू कुठल्या कुठे पळालं होतं.

भंगारवाल्याला गाठून तिनं पत्ता काढला. पेटी धुळ्याला इसाकमियांकडे गेली होती. जुन्या बाजारात त्यांचं दुकान, म्हणजे एक ताडपत्री आणि तिच्यावर करवती, पाने, कात्र्या, अडकित्ते. इसाकमियांनी पेटी झाकण उचकटून आतून पुसून ठेवली होती, अजून गिऱ्हाईक लागलं नव्हतं. त्यांनी ती पुढे सरकवली. आत लाल फडकं होतं, पांढरं फडकं होतं, पण दोन्ही रिकामी. तळाशी गंजानं काळा पडलेला एक वस्तरा सुटाच पडला होता.

दुसरा कुठे, तिनं विचारलं. इसाकमिया म्हणाले, आला तेवढा सगळा तुझ्यापुढे आहे. एक विकून एक लपवायला मी काय लहान आहे का. त्यांच्या बोलण्यात खोट दिसेना, मग तिनं भंगारवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण दुसऱ्या वस्तऱ्यापेक्षा मोठा प्रश्न समोर होता. हातात आहे तो कुठला, लालमधला की पांढऱ्यामधला?

इसाकमियांनी वस्तरा नखानं खरवडून पाहिला. पातं जुन्या विलायती पोलादाचं, मूठ म्हशीच्या शिंगाची. हे पोलाद आता मिळत नाही, म्हणाले, साफ करताना घाई करू नको. पातं मुठीत जिथे फिरतं त्या खिट्टीत गोडं तेल सोड आणि मुरू दे. गंज राखेनं काढ, पात्याच्या लांबीनं घास, आडवं नको. गरम पाण्याला मूठ दाखवू नको, शिंग वाकडं होतं. वस्तरा कोणत्या कामाचा ते कसं ओळखायचं, हे विचारल्यावर मात्र त्यांनी हात वर केले.

घरी येऊन तिनं तो उंबऱ्याच्या आत नेला नाही. अंगणात गोणपाट अंथरलं, बाळाला वच्छलाबाईंकडे दिलं आणि बसली. खिट्टीत तेल सोडलं. चुलीतली राख चाळून घेतली. चिंधीवर राख घेऊन पाठीकडून धारेकडे नाही, मुठीकडून टोकाकडे, असं ती घासत राहिली. काळं निघायला लागलं, खालून करडं पोलाद दिसायला लागलं. पाठीजवळ कसलीशी अक्षरं होती, झिजून पुसट झालेली. त्यांचा काही बोध होईना. लाल की पांढरा, ह्याची खूण पात्यावर कुठेच नव्हती.

दुपार कलली तशी खिट्टी सैल झाली. तिनं पातं हळूच उघडझाप केलं. मुठीच्या दोन फळ्यांच्या मधून काळं तेल ओघळलं आणि त्याबरोबर काहीतरी कचकचलं. तिनं तळहातावर घेऊन बोटानं चोळून पाहिलं. बारीक वाळू होती. चकचकीत कण मिसळलेली, तापीची.

जावळ घरी करतात, पाटावर. नदीच्या वाळूत बसवून डोकी उतरवतात ती दहाव्याला. सुलक्षणाला आणखी पुरावा नको होता. शुभाचा वस्तरा गेला होता आणि बाळाच्या अंगणात तिनं स्वतःच्या हातांनी हा आणून घासला होता. तिनं हात पुन्हा पुन्हा धुतले. बाळाला घ्यायला गेली तेव्हाही तिला वाटत होतं की ते हात त्याला लावू नयेत.

नाना आले ते हसतमुखानं. काळा चष्मा, खांद्यावर नवी पिशवी, पिशवीत नातवासाठी चांदीचा वाळा. सुलक्षणानं त्यांना पाणी दिलं, आणि ग्लास खाली ठेवायच्या आत सगळं सांगून टाकलं. पेटी, इसाकमिया, वाळू, सगळं. शेवटी म्हणाली, "नाना, तुमचा शुभाचा वस्तरा मी घालवला."

नानांनी चष्मा काढला. गोणपाटावरचा वस्तरा उचलून उन्हात धरला, अंगठा पात्यावरून आडवा फिरवला. हितेंद्र दुकानातून येऊन दारात उभा होता.

"घालावना नही तू," ते म्हणाले. "आते दोन शेतच कोठे? वस्तरा एकच शे."

सुलक्षणाला वाटलं म्हातारा तिची समजूत घालतोय. नाना खाली बसले आणि हळूहळू सांगत गेले. तरुणपणी खरंच दोन होते. दुसरा गावठी लोखंडाचा, धार धरायचा नाही. दहाव्याला कोण बघतंय म्हणून तोच वापरायची रीत. एकदा वाळूत एक मुलगा बापासाठी रडत बसला होता आणि त्या बोथट वस्तऱ्यानं त्याच्या टाळूवर रक्त काढलं. तो हूं की चूं बोलला नाही. नानांनी त्याच दिवशी तो वस्तरा तापीत टाकला. गावाला सांगितलं असतं तर बायकांनी लेकरं त्यांच्यापुढे बसवली नसती. म्हणून फडकी दोन ठेवली, आणि वस्तरा एकच दोन्हींत गुंडाळत राहिले. हे बायकोलासुद्धा माहीत नव्हतं.

"लेकरूनं डोकं नाजूक ऱ्हास," नाना म्हणाले, "आनि ज्याना बाप गया त्यानं बी नाजूकच ऱ्हास. मंग बोथट वस्तरा कोनाले लावू मी?"

हितेंद्रनं विचारलं, "माझं जावळ?"

"ह्याच वस्तराघाई. आनि तुनी माय गयी तवय तुनं डोकं बी ह्याच वस्तराघाई." मग ते सुनेकडे वळले. "पोऱ्या तुना शे. तू सांगशी तसं. हितेंद्रना वस्तरा लाव म्हनशी तर तो लावसू, माले राग नही."

सुलक्षणा रात्रभर तळमळली. गावातलं एकेक पोर तिच्या डोळ्यांपुढून जात होतं. शाळेत जाणारी, शेतात राबणारी, आता स्वतःची लेकरं घेऊन येणारी. सगळ्यांच्या डोक्यांवरून हेच पातं फिरलं होतं. तिचं पहिलं मूल तर वस्तरा बघायच्या आधीच गेलं होतं. हा विचार मनात आला आणि ती फार रडली, इतक्या दिवसांचं.

सकाळी अंगण माणसांनी भरलं. तिचा भाऊ गोपाल पाटावर मांडी घालून बसला, मामाच्या मांडीवर बाळ. नानांनी चामड्याच्या पट्ट्यावर धार लावली, लाल फडक्यानं पातं पुसलं. सगळे कौतुकानं बघत होते. एवढ्यात वच्छलाबाई पुढे वाकल्या आणि त्यांनी काळजीनं विचारलं, "हाऊ शुभनाच शे ना, नाना?"

नानांचा हात बाळाच्या डोक्यावर थबकला. इतकी वर्षं सहज देत आलेलं उत्तर आज सुनेसमोर त्यांच्या ओठांवर येईना.

सुलक्षणा बाळाजवळ सरकली, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून वस्तऱ्याखाली दिलं आणि म्हणाली, "हो अक्का, शुभाचाच आहे. मी स्वतः साफ केलाय."