शेगडीवरची डबी

आमच्या बाबांना कुणी काही नवीन दिलं की ते आधी त्यात खोट काढतात आणि मग वापरतात. घर तापवायच्या नव्या बॉयलरच्या बाबतीत त्यांनी खोट काढली आणि तिथंच थांबले.

"हे यंत्र जरा खोकतं आणि झोपी जातं," ते फोनवर म्हणाले. "वरची खोली नुसती बर्फ झालीय. तुझ्या त्या मिस्त्रीला सांग, उचलून घेऊन जा म्हणावं."

"बाबा, मिस्त्री दोनदा येऊन गेला. त्यानं चालू केला की चालतो बॉयलर."

"तो येतो तेव्हा मीसुद्धा शहाण्यासारखा वागतो. त्यात काय मोठं?"

एरवी मी हसले असते. पण आई इस्पितळात होती. न्यूमोनियातून वाचली खरी, पण थंड हवा लागली की खोकून खोकून वाकायची. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की झोपायची खोली उबदार असेल तरच तिला घरी न्या, नाहीतर हिवाळाभर समुद्राकाठच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. गुरुवारी इस्पितळाकडून एक बाई घर बघायला येणार होती. हे आईला सांगितलं तेव्हा तिनं माझा हात धरला.

"लॉरेन, तिथं गेलेलं कुणी परत आलेलं तुला माहितेय?"

मला माहीत नव्हतं. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता.

आमची गल्ली इंग्लंडातल्या डरहॅमकडची, सगळी खाणकामगारांची घरं. खाण बंद होऊन वर्षं लोटली, पण खाणीत राबलेल्या बाबांच्या हक्काचा फुकट कोळसा अजून येतो आणि मागच्या दारी त्याचा ढीग पडतो. लग्न झाल्यापासून रोज सकाळी आईच्या आधी उठायचं, बैठकीच्या भिंतीतली शेगडी पेटवायची आणि मग आईला चहा न्यायचा, हा बाबांचा नेम. सगळ्या घराला ऊब ती एवढीच. वरच्या खोल्यांत आम्ही पोरं शाळेचे कपडे रात्रीच पांघरुणात घेऊन झोपायचो आणि सकाळी आतल्या आत घालायचो, बाहेर श्वासाची वाफ दिसायची. त्याचाही बाबांना अभिमान. "वर झोपायला जायचं असतं, शेकायला नाही," असं ते ऐकवायचे.

मीच हट्ट करून गॅसचा बॉयलर बसवून घेतला. खोल्याखोल्यांत भिंतीला खोली तापवणारे गरम पाण्याचे रेडिएटर लागले. शेगडीला मात्र हात लावू देणार नाही, असं बाबांनी बजावलं, म्हणून ती राहिली. जाताना मिस्त्रीनं एक पांढरी डबी हातात दिली. "बसता त्या खोलीत ठेवा," तो म्हणाला. "खोलीत किती ऊब हवी तो आकडा लावा. तेवढी झाली की बॉयलर आपोआप थांबेल."

बाबांनी ती डबी शेगडीवरच्या फळीवर ठेवली. आमच्याकडे महत्त्वाचं सगळं त्या फळीवर असतं. घड्याळ, आईच्या गोळ्या, चर्चला द्यायच्या देणगीची पाकिटं, आजोबांचा खाणीतला दिवा. फळीवर जागा मिळाली म्हणजे घरात मान मिळाला. मला तर बरंच वाटलं, की चला, बाबांनी बॉयलरला आपलं म्हटलं. माझ्या अकलेची कमाल म्हणायची!

मंगळवारी मी बसनं पोचले तेव्हा घराला कुलूप होतं. बाबा सकाळपासून एका जुन्या सोबत्याच्या अंत्ययात्रेला गेले होते. रिकाम्या घरात जाळ ठेवून कुणी जात नाही, त्यामुळे शेगडी थंड. मी माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं, कोट अंगावरच ठेवला आणि आईचा पलंग आवरायला कुडकुडत वर गेले.

खोली गरम होती.

रेडिएटरवर हात ठेवला तर चटका बसला. खाली स्वयंपाकघरात बॉयलर घुरघुरत होता. मी कोट काढला, आईच्या पलंगावर बसले आणि चक्क रडले. बॉयलरसाठी रडणारी गल्लीतली पहिली बाई मीच असेन.

तेवढ्यात बाबा आले. अंत्ययात्रेच्या काळ्या सुटातच, बाह्या सरसावून गुडघ्यांवर बसले आणि शेगडी पेटवली. मी आनंदानं सांगत होते की बाबा, वर जाऊन बघा, आणि ते म्हणत होते की आधी इथं ऊब करू दे. जाळ चांगला धरला. मग स्वयंपाकघरातली घुरघुर थांबली.

मी फळीकडे बघितलं. आम्ही वीस आकडा लावलेला. डबी अठ्ठावीस दाखवत होती.

"बाबा," मी म्हटलं, "घात तुमची शेगडी करतेय."

"माझी शेगडी?"

"तुम्ही जाळ करता, डबीला वाटतं सगळं घर तापलं. ती बॉयलर बंद करते. वर खोली गारठते. मग तुम्ही म्हणता घर थंड आहे आणि आणखी कोळसा घालता."

बाबांनी डबीकडे बघितलं, मग जाळाकडे. हातात चिमटा तसाच होता.

"म्हणजे मी इथं तुझ्या आईसाठी, माझ्या ओलिव्हसाठी जाळ करायचा आणि त्यानं वर तिलाच गारठवायचं, असं म्हणायचंय तुला?"

"हो." जरा मऊ सांगता आलं असतं, पण मऊ बोलायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

बाबांनी चिमट्यानं एकेक निखारा बादलीत काढला आणि बादली अंगणात नेऊन ठेवली. मला त्यांच्या पाठीकडे बघवेना.

बुधवारी सकाळी शेजारची नोरा दार ठोठावत आली. सकाळी ज्याच्या धुराड्यातून धूर निघत नाही, त्याच्याकडे गल्लीत कुणीतरी डोकावतंच. "विल्फ, आहेस ना रे जिवंत?" तिनं दारातूनच विचारलं.

"लेकीच्या परवानगीनं आहे," बाबा म्हणाले.

घर खालपासून वरपर्यंत उबदार होतं आणि बाबा रिकाम्या शेगडीपुढे कोट घालून बसले होते. गुरुवारी बघायला आलेल्या बाईंनी आईच्या खोलीत पाऊल टाकलं, कोट काढला, मग स्वेटरही काढला. "छान आहे, आणा त्यांना," म्हणाल्या. मी त्यांना मिठीच मारली. बाबा मात्र कसंनुसं हसले. त्यांना आई हवी होतीच, पण तिच्यासाठी करायचं काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे पडला होता. आणि ते मला दिसत असून मी गप्प बसले होते, कारण आईची छाती की बाबांचं मन, यातलं एक मी निवडून टाकलं होतं.

शुक्रवारी गाडी आईला घेऊन आली. ती बैठकीच्या दारात उभी राहिली आणि तिची नजर थेट शेगडीवर गेली.

"कोण गेलं?" तिनं घाबरून विचारलं.

"कुणी नाही गं," मी म्हटलं.

"मग शेगडी का विझलीय? विल्फ, तुला बरं नाही का? खरं सांग."

बाबांनी मास्तरांपुढे उभं राहिलेल्या पोरासारखं सगळं सांगितलं. डबी, जाळ, वरची खोली, काहीच लपवलं नाही. आईनं खुर्चीत बसून शांतपणे ऐकून घेतलं.

"ही डबी ज्या खोलीत असेल त्या खोलीची ऊब बघते ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग आजारी आहे मी, आणि मी झोपणार वर. ही इथं फळीवर काय करतेय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. डबीला धड तारसुद्धा नव्हती. इतके दिवस आम्ही शेगडी हरणार की बॉयलर यावर भांडत बसलो, पण फळीवरची वस्तू हलवता येते हे दोघांच्या टाळक्यात शिरलंच नाही. आमच्या घरात घड्याळ नाही हलत, आजोबांचा दिवा नाही हलत, मग डबी कशी हलेल?

"पण मिस्त्री म्हणाला होता, बसता त्या खोलीत..." बाबा पुटपुटले.

"मिस्त्री येणार आहे का माझ्या पलंगावर झोपायला?"

"आला तर बघतोच त्याच्याकडे," बाबा म्हणाले. आज इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज खणखणीत निघाला.

आईनं हात पुढे केला. बाबांनी डबी काढून दिली, तशी तिनं ती स्वेटरच्या खिशात टाकली.

"खिशात नको, आई! तुझ्या अंगाची ऊब लागेल आणि पुन्हा बंद पडेल."

आई हसायला लागली, हसता हसता खोकली आणि खोकता खोकताही हसतच राहिली. डबी आईच्या उशाजवळच्या टेबलावर गेली.

त्या रात्री मी तिथंच राहिले. सकाळी खालून राख खरडल्याचा आवाज आला, मग काडी ओढल्याचा, मग कोळसा पडल्याचा. मी श्वास रोखून ऐकत होते. बॉयलर घुरघुरतच राहिला.

बाबा चहा घेऊन जिना चढले. त्यांच्यामागोमाग मीही आईच्या दारापर्यंत गेले, अनवाणी. बाबा आत जाऊन पलंगाच्या पायथ्याशी थबकले. आईनं पांघरूण खाली सारलं होतं आणि तिचे दोन्ही पाय बाहेर होते, उघडे. वर्षानुवर्षं पायांत लोकरी मोजे घालून झोपणारी बाई ती.

"विल्फ, ती खिडकी जरा उघड रे," ती डोळे न उघडताच म्हणाली. "उकडतंय."

बाबा तिच्याकडे वाकले. "काय म्हणालीस?"

"उकडतंय, म्हाताऱ्या. कानात कोळसा गेला का?"

बाबांनी चहा खाली ठेवला. खिडकीच्या फटींत त्यांनीच कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे एकेक करून उपसले आणि जोर लावून खिडकी थोडीशी उघडली. खाली गल्लीत नोरा दुधाच्या बाटल्या उचलत आमच्या धुराड्याकडे बघत होती.

"नोरा!" बाबा खिडकीतून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले. "आमच्या ओलिव्हला उकडतंय!"