प्लसवाल्या डीव्हीडीचा पाळणा

मित्रांनो, मी एक जुनी डीव्हीडी आहे. माझ्या चकाकत्या पाठीवर पाहाल तर तुमचा चेहरा दिसेल आणि उजेडात धरलंत तर रंगही दिसतील. पण माझं खरं सोनं दिसत नाही, ते ऐकावं लागतं. माझ्या पोटात धावडा गावच्या केशरबाईंचा पाळणा, म्हणजे बारशाचं गाणं आहे.

प्लास्टिकच्या दोन चकत्यांमध्ये जांभळट रंगाचा पातळ थर घालून कारखान्यात मला घडवलं. त्या थरावर यंत्राचा किरण खुणा उमटवतो आणि त्या खुणांतून पुढे चित्र आणि आवाज निघतात. मी मात्र कोरीच जालन्याला आले, मस्तगडातल्या संघपालच्या दुकानात. संघपाल लग्न-बारशांचं शूटिंग करायचा. त्याच्या फळीवर आमचे दोन डबे शेजारी शेजारी होते. एकावर मायनसची खूण, आमच्यावर प्लसची. आकार तोच, चकाकी तीच, मधलं भोकही तेच. कंपन्यांचं आपसात जमलं नाही, म्हणून लिहिण्याच्या दोन रीती झाल्या, एवढंच. पण गावोगावचे जुने प्लेअर मायनसवालीलाच ओळखत. त्यामुळे तिचा डबा भराभर रिकामा व्हायचा आणि आम्ही धूळ खात बसायचो. मला फार वाटायचं, कुणीतरी आपल्यालाही काही सांगावं.

एके दिवशी धावड्याचे पुंजाराम आपल्या लेकीला, प्रीतीला घेऊन दुकानात आले. प्रीतीच्या मुलीचं, अर्पिताचं बारसं माहेरी झालं होतं. त्यात प्रीतीच्या आईनं, म्हणजे केशरबाईंनी, स्वतः जुळवलेला पाळणा म्हटला होता. संघपालनं तो कॅमेऱ्यात घेतला होता.

"मामा, घरी प्लेअर कोणता हाये?" संघपालनं विचारलं.

"काळा हाये," पुंजाराम म्हणाले.

"तसं न्हाई. कंपनी कोणती?"

"नाव घासून गेलं त्याचं. पण चांगला चालून राह्यला."

संघपालला हसू आलं. त्यानं दोन्ही डबे पुढं ठेवले. "जुना असला तर मायनस बराबर चालंल. नवा असला तर प्लसबी चालंल. न पाहता कसं सांगू?"

"अन् चुकीची नेली तर?" प्रीतीनं विचारलं.

"मंग काहीच दिसणार न्हाई. अन् कॅमेऱ्यातली ही कॅसेट उद्या एका लग्नाला लागती. त्याच्यावर नवं भरलं की हे पुसून जाईल."

प्रीतीनं मांडीवरच्या बाळाकडं पाहिलं. "दोन्हीवर भरून द्या," ती म्हणाली.

"एका गाण्याच्या दोन कशाला?" पुंजारामांनी विचारलं.

"एक तरी चालंल ना, बाबा."

अशी मी निवडली गेले. यंत्रात गरगर फिरताना केशरबाईंचा आवाज माझ्या अंगावर उमटत गेला, तेव्हा मला वाटलं की आता मी कुणाच्या तरी घरची झाले.

धावड्याला पोचल्यावर पहिला मान मला मिळाला. घरात माणसं दाटीवाटीनं बसली होती. प्लेअरनं मला आत घेतलं, थोडी घरघर केली आणि बाहेर ढकललं. पुन्हा घातलं, पुन्हा तेच. "ही खराब निघाली," पुंजाराम म्हणाले. मग मायनसवाली बहीण आत गेली आणि पडद्यावर केशरबाई दिसू लागल्या. स्वतःला पाहून त्या पदराआड लपल्या, आणि सगळं घर हसलं.

बहिणीचं फार कौतुक झालं. पाहुणे आले की तिला लावायचे, सण आला की तिला लावायचे. मला लोखंडी कपाटात आहेराच्या साड्यांखाली ठेवून दिलं. तिथं अंधारात मला तिचं गाणं ऐकू यायचं. शब्दन् शब्द माझ्याही पोटात होता, पण मला कोणी विचारत नव्हतं.

कौतुकानंच बहीण झिजली. पदरानं पुसून पुसून तिच्यावर ओरखडे पडले. आधी ती अडखळू लागली, मग मुकी झाली. पुंजारामांनी तिला ज्वारीत पाखरं हाकलायला दोऱ्यानं बांधलं. वाऱ्यावर ती मजेत चमकायची म्हणे, पण उन्हानं तिच्या पोटातला रंग उडाला. प्लेअरही भंगारात गेला. घरोघर मोबाइल आले आणि माझी आठवण कुणालाच उरली नाही.

मग अगदी अलीकडे प्रीतीच्या भावाला, बबलूला, मुलगा झाला. बारसं ठरलं तेव्हा सगळे केशरबाईंना म्हणाले, "अर्पिताचा पाळणा म्हणा." त्यांनी पहिलं कडवं म्हटलं. दुसऱ्याला थांबल्या. "पुढचं गेलं बाई डोक्यातून," म्हणून त्या हसल्या, पण नजर खाली गेली.

अर्पिता आता कॉलेजात शिकते. आजोळी आल्यावर कपाटातून बारशाला नेसायची साडी काढताना तिच्या हाताला मी लागले. पाकिटावर तिचंच नाव होतं.

"ती खराब हाये," पुंजाराम म्हणाले. "पहिल्या दिवशीच चालली न्हाई."

"चालली न्हाई, का त्या प्लेअरला चालवता आली न्हाई?" अर्पितानं विचारलं.

तिनं मला मस्तगडात नेलं. संघपालच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकत होती, पण जुना कॉम्प्युटर त्यानं जपला होता. "ह्याला दोन्ही चालतात," तो म्हणाला. मऊ फडक्यानं त्यानं मला मधून कडेकडे हलकं पुसलं. खरं सांगते, मला भीती वाटत होती. इतक्या वर्षांत मीच विसरले असेन तर? यंत्र फिरलं, आणि दुकानात केशरबाईंचा जुना, खणखणीत आवाज भरला.

"मामा बबलू दोरी धरी,
मावशी शालू काजळ भरी."

अर्पितानं ते मोबाइलमध्ये घेतलं आणि बारशाच्या दिवशी आजीसमोर लावलं. केशरबाई ओठ हलवत ऐकत होत्या. पाळणा संपला तशी अर्पिता म्हणाली, "आजी, सगळ्यांची नावं हायेत. आजोबाचंच न्हाई."

"तवा आम्ही नवऱ्याचं नाव घेत नव्हतो," केशरबाई म्हणाल्या. मग त्यांनी दोरी हातात घेतली आणि थोड्या थकलेल्या आवाजात सगळा पाळणा म्हटला. शेवटी एक कडवं नवं होतं.

"आजा पुंजाराम पाळणा हलवी,
नातवाच्या गाली हसू गं खुलवी."

पुंजाराम उठून पाळण्यापाशी आले आणि बायकोच्या हातातली दोरी त्यांनी धरली.

मित्रांनो, तुमच्याही कपाटात माझ्यासारखी कुणी पडली असेल. तिला उन्हात टांगू नका, खरखरीत कापडानं पुसू नका. एका यंत्रानं परत केली म्हणून खराब ठरवू नका, दुसऱ्याला विचारा. बोलली, तर तिचं बोलणं दुसरीकडंही उतरवून ठेवा. आणि ज्यांचा आवाज तिच्यात आहे ती माणसं घरात असतील, तर त्यांच्याजवळ बसून ऐका. त्यांना कदाचित अजून एक कडवं म्हणायचं असेल.