ढवळसरच्या पाण्याची मुदत

यंदा ढवळसरला टँकर आला नाही.

आता हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. असलं काही अजून झालेलं नाही, आणि फेब्रुवारीत तर गावातल्या कुणाला तसं स्वप्नही पडलं नव्हतं. तासगाव तालुक्यातलं हे एकशे चाळीस उंबऱ्यांचं गाव. दर एप्रिलअखेर त्याची विहीर तळ दाखवायची, टँकर यायचा, आणि गाव टँकरमागं पळता पळता रसूल मुलाण्याला शिव्या द्यायचं. कारण गावचं पाणी सोडायचा तो रसूल. व्हॉल्व्हची दोन हात लांब चावी त्याच्या बापाकडून त्याच्याकडं आलेली. यंदा सरपंच रंगूबाईनं ती चावी सगळ्यांदेखत बोटानं दाखवली.

"रसूलभाई, औंदा टँकर आला की ही चावी माझ्या पुतण्याकडं. वीरधवल बी. ए. हाय."

बी. ए.चा विहिरीवर काय परिणाम होतो हे रसूलला कळलं नाही. चावी जाणार एवढं कळलं.

त्याच आठवड्यात त्याला साताऱ्याला प्रशिक्षणाला धाडलं. सातारा-सांगलीतले पन्नास पाणी सोडणारे एका हॉलात. काहींनी चावी बरोबरच आणलेली. घरी ठेवली तर भाऊ पाणी सोडतो. शिकवायला लोणंदच्या मदिहा मॅडम. वय सव्वीस, आवाज मात्र भोंग्याला लाजवेल असा. विहिरीत पाणी किती, गावाला लागतं किती, पंधरा जूनपर्यंत पुरवायचं तर सोडायचं किती, असा आराखडा ज्यानं त्यानं करायचा होता.

"आधी सांगा, तुमचं पाणी जातं कुठं?" मॅडमनी विचारलं.

"खालच्या आळीला!" पन्नास जण एका सुरात बोलले.

"अंदाज नको. मोजून सांगा."

जेवणाबरोबर सीलबंद बाटली मिळाली. रसूलला छापलेलं सगळं वाचायची खोड. पाणी ऑक्टोबरात भरलेलं होतं. चार महिन्यांचं पाणी पन्नास जण मिटक्या मारत पीत होते, आणि बाटलीवर पुढची तारीख छापलेली असल्यानं कुणाचं तोंड वाकडं होत नव्हतं.

गावी आल्यावर रसूल मोजायला बसला. ढवळसरला दिवसाआड पाणी, सकाळी सातला. साडेसहालाच तो बादली आणि मोबाइल घेऊन गटाराच्या तोंडाशी जाऊन उकिडवा बसला. व्हॉल्व्ह बंद, चावी काखेत, आणि गटार दुथडी वाहत होतं!

तो उलटा वर चालत गेला. प्रत्येक उंबऱ्यात बाई हंडा पालथा करत होती. पलटणीतनं निवृत्त झालेले सुभेदार मानसिंगराव तर अख्खं पिंप कलंडवत होते.

"आबा, का वतताय?"

"शिळं झालंय. आता ताजं येणार न्हवं?"

"आवं, परवा मीच सोडलंय की!"

"म्हणूनच शिळं."

"विहिरीतलं तर गेल्या जुलैपास्नं साठलेलं हाय, आबा."

सुभेदारांनी पिंप शेवटच्या थेंबापर्यंत रिकामं केलं. "विहिरीत हाय तवर ताजं, गड्या. उंबऱ्याच्या आत आलं की शिळं."

रसूलनं बादली उचलली. तो घरी आला, तर त्याची बायको नूरजहां परसात कळशी ओतत होती.

"तू बी व्हय?"

"आवं, समदी वतत्यात. आपुन न्हाई वतलं तर म्हणतील, मुलाण्याच्यात शिळं पित्यात."

तीन खेपा मोजून रसूलचा हिशेब पक्का झाला. तो सोडायचा त्या दर चार हंड्यांतला एक थेट गटारात. आराखड्यात 'गळती' या रकान्यात त्यानं लिहिलं : पाइपात नाही, माणसांत.

सोमवारी सकाळी ग्रामपंचायतीचा भोंगा रसूलच्या आवाजात खाकरला.

"समस्त ग्रामस्थांना कळविण्यात येते की, आज सोडलेलं पाणी शुक्रवार संध्याकाळपर्यंत मुदतीत हाय. पाणी गाळून, झाकून ठेवावं. मुदतीआधी वतल्यास ग्रामपंचायत जबाबदार न्हाई."

कशाला जबाबदार नाही, हे कुणीच विचारलं नाही. बुधवारी सकाळी गटार कोरडं ठणठणीत.

सुभेदारांनी पिंपावर खडूनं तारीख घातली, खाली सही केली. बायका एकमेकींना विचारू लागल्या, "तुमचं कवापर्यंतचं हाय गं?" एकीनं रसूलला रस्त्यात गाठलं. "भाऊ, पोरीची हळद हाय. लांब मुदतीचं सोडा की जरा." त्यानं वहीत बघितल्यासारखं केलं आणि हो म्हणाला. मार्चमध्ये तो दिवसाआडचं पाणी तीन दिवसांनी सोडू लागला. पिंपं भरलेली, मुदत शिल्लक. कुणाची तक्रार आली नाही.

एप्रिलात मदिहा मॅडम पाहणीला आल्या. विहिरीत टेप सोडली. अकरा फूट पाणी. त्यांनी टेप पुन्हा सोडली.

"चाचा, ही मुदत कुठून काढता तुम्ही?"

"आराखड्यातनं. तुमीच म्हणला, कवापर्यंत पुरवायचं ते आधी ठरवा."

"शास्त्रात असं काही नाहीये हो."

"गाळून, झाकून ठिवलं तर पाच दिस टिकतंय का न्हाई?"

"टिकतं की."

"मग शास्त्र आन् मी एकाच वाटंला हाय. माझ्याकडं फकस्त भोंगा हाय."

मॅडम हसू दाबत कागदावर काहीतरी लिहू लागल्या. रसूलनं वाकून वाचलं : 'स्थानिक पद्धत. प्रभावी.' त्यानं तो कागद दोनदा वाचला आणि मग तिसऱ्यांदा वाचला.

मे सरत आला. टँकरच्या वाटेवर गवत उगवलं. रंगूबाई विहिरीत डोकावून आली आणि म्हणाली, "चावी ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. वीरधवलला एम. ए. करू दे."

घोटाळा झाला तो मेच्या शेवटच्या दिवशी. पाऊस यंदा लवकर, तीन जूनलाच येणार, असं सगळ्यांच्या मोबाइलवर आलं. रसूलनं शेवटची मुदत दिलेली आराखड्याप्रमाणं थेट पंधरा जूनची. तातडीची ग्रामसभा भरली.

"पिंपं काठोकाठ हायती," सुभेदार म्हणाले. "नवं पाणी घ्यायचं कशात?"

"आदलं वता की," वीरधवल म्हणाला.

सभेच्या माना वळल्या. देवळात चप्पल घालून आलेल्याकडं बघावं तसं सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं.

"मुदतीतलं?" सुभेदारांनी हळू आवाजात विचारलं.

वीरधवल खाली बसला. ठराव एकमतानं झाला. पाणी सांभाळणारा माणूस म्हणून अर्ज लिहायचा मान रसूलला मिळाला, आणि त्यानं तो साताऱ्याला मिळालेल्या पेनानं, ओळी न वाकवता लिहिला :

"प्रति, मा. हवामान खाते. विषय : मान्सून बारा दिवस पुढे ढकलणेबाबत. महोदय, मौजे ढवळसर येथील पाणी दिनांक १५ जूनपर्यंत मुदतीत असून गावातील एकही भांडे रिकामे नाही. सबब, सदर मुदत संपेपर्यंत आमचे हद्दीत पाऊस पाडण्यात येऊ नये. पाऊस आधीच निघाला असल्यास तो शेजारील पलूस येथे थांबवून, झाकून ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती."